विहाराचे कवाड आणि वर्षाकाळ : विनयपिटकातील निगेची परंपरा

बौद्ध स्थापत्याचा अभ्यास म्हटला की आपले लक्ष स्वाभाविकपणे दगडाकडे जाते. कार्ले, भाजे, बेडसे, नाशिक, कान्हेरी, अजिंठा ही नावे उच्चारताच खडकात कोरलेले स्तंभ, पिंपळपानी कमानी आणि स्तूप डोळ्यांसमोर उभे राहतात. तथापि ही लेणी भिक्खुसंघाच्या वास्तव्याने जागती होती तेव्हा त्यांतील निवासी खोल्यांना लाकडी कवाडे बसवलेली असत, ही गोष्ट सहसा ध्यानात घेतली जात नाही. आज अशा खोलीच्या दारात उभे राहिले असता वर आणि खाली कोरलेली छिद्रे व खाचा तेवढ्या दिसतात. त्यांत फिरणारे लाकूड केव्हाच नाहीसे झाले आहे.

लाकूडच ते, नाहीसे व्हायचेच, असे म्हणून हा विषय सोडून देता येईल. परंतु एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. भिक्खूंना वर्षावासाचे तीन महिने एकाच ठिकाणी राहावे लागे, आणि नेमके तेच महिने बाहेरच्या लाकडी दाराला सर्वांत घातक असतात. ज्या काळात दाराची गरज सर्वाधिक, त्याच काळात ते फुगते, अडकते, कुजते. म्हणून पावसापासून दाराचे रक्षण हा संघाच्या दृष्टीने किरकोळ प्रश्न असू शकत नव्हता. विनयपिटकात त्याची उत्तरे विखुरलेली आहेत. ती एकत्र मांडली असता माझ्या मते एक सुसंगत दृष्टी दिसून येते : दाराचे रक्षण मुख्यतः त्यावर चढवलेल्या लेपाने होत नाही, पाणी दारापासून दूर ठेवणारी रचना आणि दाराकडे नित्य लक्ष देणारे आचरण या दोहोंनी ते होते. लेप त्यानंतर येतो, आणि तोही मात्रेने. प्रस्तुत लेखात या मताची छाननी करावयाची आहे.

कवाडाची घडण

चुल्लवग्गाच्या सेनासनक्खन्धकात विहारांच्या अनुज्ञेची कथा आहे. राजगृहाच्या श्रेष्ठीने एका दिवसात साठ विहार उभारले आणि भगवान बुद्धांनी विहारांना अनुज्ञा दिली आहे हे कळताच लोक आदराने विहार बांधू लागले. या विहारांना आरंभी कवाडे नव्हती. साप, विंचू आणि गोमा आत शिरू लागल्या, तेव्हा भगवंतांनी कवाडाची अनुज्ञा दिली. भिक्खूंनी भिंतीला भोके पाडून वेलींनी व दोरांनी कवाडे बांधली. ही बंधने उंदरांनी आणि वाळवीने खाल्ली आणि कवाडे गळून पडली.

यानंतर एकेक अनुज्ञा क्रमाने येते. प्रथम ‘पिट्ठसंघाट’ म्हणजे दाराची चौकट, मग ‘उदुक्खलिक’ म्हणजे खालची लहान उखळी आणि ‘उत्तरपासक’ म्हणजे वरची खोबण. कवाड नीट मिटत नव्हते म्हणून ते ओढून घेण्यासाठी छिद्र आणि दोरी. ते बंद राहत नव्हते म्हणून ‘अग्गळवट्टि’, ‘कपिसीसक’, ‘सूचिक’ आणि ‘घटिक’ हे अडसर-खिळीचे भाग. बाहेरून उघडता येत नव्हते म्हणून ‘ताळच्छिद्द’ म्हणजे किल्लीचे छिद्र. आणि किल्ल्या तीन प्रकारच्या, धातूच्या, लाकडाच्या व शिंगाच्या. प्रत्येक अनुज्ञेमागे एक अनुभवलेली अडचण आहे. ग्रंथकाराने सुताराच्या कामाची जणू पायरीपायरीने नोंद ठेवली आहे.

मराठी वाचकाला यांतील शब्द परके नाहीत. ‘कवाट’ हे आपले कवाड होय. ‘अग्गळ’ शब्दाचे नाते आगळ या जुन्या शब्दाशी आहे. लाकूडकाम करणारा ‘वड्ढकी’ विदर्भात आजही वाढई म्हणून ओळखला जातो. ‘उदुक्खलिक’ शब्दात तर घरातील उखळच आहे.

ही उखळी आपल्या विषयाच्या दृष्टीने विशेष महत्त्वाची आहे. त्या काळचे कवाड आजच्यासारखे बिजागऱ्यांवर लटकत नसे. फळीच्या एका कडेला वर-खाली काढलेल्या खुंट्यांवर ते फिरे आणि त्याचा सगळा भार खालच्या खुंटीवर येई. लाकूड सर्व बाजूंनी सारखेच पाणी पीत नाही. फळीच्या रुंद पृष्ठभागातून ओल सावकाश आत जाते. परंतु जेथे तंतू आडवे कापले जाऊन त्यांची टोके उघडी पडतात तेथून ती कितीतरी वेगाने शिरते. खालची खुंटी नेमकी अशा कापलेल्या टोकावर उभी असते, आणि तीही पाणी साचू शकेल अशा खळग्यात. दार प्रथम खालून का कुजते याचे उत्तर येथे आहे. आजच्या बिजागरीच्या दारालाही हे लागू पडते. फळीची खालची कड ही तंतूंच्या टोकांची कड असते.

ओल शिरली की फळी रुंदीत फुगते. लांबीत जवळजवळ नाही. कवाड पावसाळ्यात चौकटीत अडकते ते यामुळे. कुजणे ही त्यापुढची अवस्था आहे. लाकडातील ओल त्याच्या शुष्क वजनाच्या २० टक्क्यांच्या आत राहिली तर लाकूड कुजविणारी बुरशी सहसा वाढू शकत नाही. ओल ३० टक्क्यांच्या आसपास किंवा त्यापुढे जाऊन तशीच टिकली म्हणजे ती फोफावते. सारांश, दार भिजणे हा मोठा अपाय नव्हे. भिजलेले दार वाळू न शकणे हा मोठा अपाय होय.

पाणी दारापर्यंत येऊ न देणे

आता त्याच खन्धकातील इतर अनुज्ञा पाहू. या अनुज्ञा एकूण विहाराविषयी आहेत, केवळ दाराविषयी नव्हेत, हे प्रथमच सांगितले पाहिजे. परंतु त्यांचा एकत्रित परिणाम दारापाशी काय होतो हे पाहणे बोधप्रद आहे.

विहार सखल जागी बांधले गेले आणि पाण्याखाली जाऊ लागले, तेव्हा भगवंतांनी ‘उच्चवत्थुक’ म्हणजे उंच जोत्याची अनुज्ञा दिली. जोते ढासळू लागले, तेव्हा विटा, दगड किंवा लाकूड यांनी ते बांधून काढण्याची अनुज्ञा मिळाली. मग चढण्यासाठी पायऱ्या आणि आधारासाठी कठडा. विहारांना पुढे आडोसा नव्हता, तेव्हा ‘आळिन्द’ म्हणजे ओसरी आणि ‘ओसारक’ म्हणजे पुढे आलेली पडवीसारखी छावणी यांना संमती मिळाली. ओसरी उघडी पडते म्हणून सरकत्या व उचलून धरता येतील अशा पडद्यांची सोय झाली. अंगणात चिखल होऊ लागला, तेव्हा प्रथम वाळू-मुरूम पसरण्याची, नंतर दगडी फरसबंदीची आणि तरीही पाणी साचते असे दिसताच ‘उदकनिद्धमन’ म्हणजे पाणी वाहून नेणाऱ्या मोरीची अनुज्ञा देण्यात आली.

कोकणात किंवा मावळात राहणाऱ्या माणसाला या यादीचा अर्थ फोडून सांगावा लागत नाही. दारावर पाणी तीन वाटांनी येते. वाऱ्याबरोबर तिरपी येणारी झड ही पहिली वाट. तिला ओसरी आणि पडदे अडवतात. वळचणीच्या पागोळ्या जमिनीवर आपटून उडणारे शिंतोडे ही दुसरी. त्यांना जोत्याची उंची आणि मुरूम अडवतात. उंबरठ्याशी साचून खालून वर चढणारी ओल ही तिसरी. तिला मोरी वाट काढून देते. या तीनही वाटा बंद झाल्या तर साधे, बिनलेपाचे कवाडही दीर्घकाळ टिकते. त्या बंद झाल्या नाहीत तर उत्तम सागाचे दारही फार काळ तग धरत नाही. विनयाच्या या क्रमात लाकडाला काय फासावे हा प्रश्न अद्याप आलेलाही नाही.

लेपाची मात्रा : छन्नाचा प्रसंग

लेपाचा प्रश्न विनयात येतो तो वेगळ्या ठिकाणी, आणि एका दोषाच्या निमित्ताने. पाचित्तिय विभागातील एकोणिसाव्या नियमाची निदानकथा कोसम्बीच्या घोसितारामात घडते. छन्न भिक्खूचा उपस्थाक असलेला एक महामात्य त्याच्यासाठी विहार बांधवून देत होता. विहार पूर्ण झाल्यावरही छन्न तो पुनःपुन्हा शाकारवीत राहिला, पुनःपुन्हा लिंपवीत राहिला. शेवटी अतिभाराने विहार कोसळला. पुन्हा गवत-काटक्या गोळा करण्याच्या नादात त्याने एका ब्राह्मणाचे जवाचे शेतही खराब केले. या प्रसंगावरून छपराच्या थरांना दोन-तीनची मर्यादा घालण्यात आली.

परंतु त्याच नियमात दाराभोवतीच्या जागेचा स्वतंत्र उल्लेख आहे. ‘द्वारकोस’ म्हणजे चौकटीच्या भोवताली हात पोचेल एवढी जागा, असा अर्थ विभंगात दिला आहे. तेथे ‘अग्गळट्ठपन’ यासाठी लिंपण करता येते. या पदाचा अर्थ काही आधुनिक भाषांतरांत ‘अडसर बसवणे’ असा केलेला आढळतो. विभंग मात्र ‘अग्गळ’ शब्दाने येथे दारच समजावे असे सुचवितो, आणि आचार्य बुद्धघोषांची समन्तपासादिका ही इसवी सनाच्या पाचव्या शतकातील अट्ठकथा त्याचे कारण स्पष्ट करते. कवाड हे सतत फिरणारे आहे. उघडताना ते भिंतीवर आपटते आणि मिटताना चौकटीवर. त्या आघाताने भिंत हादरते, माती हलते, सैल होते किंवा गळून पडते. म्हणून दार पक्के राहावे यासाठी त्याभोवती पुनःपुन्हा लिंपण करण्यास हरकत नाही, असा अट्ठकथेचा आशय आहे.

हा अर्थ स्वीकारला तर नियमातील विसंगती नाहीशी होते. ज्या छन्नाला अतिरिक्त लेपाबद्दल दोष दिला, त्याच प्रसंगातील नियमात दाराभोवती वारंवार लेप करण्याची मुभा का असावी? कारण दोन लेपांचे हेतू भिन्न आहेत. छन्नाचा लेप गरज संपल्यानंतरचा होता. तो वास्तूला भार झाला. दाराभोवतीचा लेप रोज झिजणाऱ्या सांध्याची दुरुस्ती होता. अट्ठकथा पाण्याचा उल्लेख करीत नाही. ती माती सुटण्याविषयीच बोलते. परंतु चौकट आणि भिंत यांच्यामधील फट ही पावसाळ्यात पाण्याची वाट होते हे कोणाही गवंड्याला ठाऊक आहे. तेथून शिरलेली ओल चौकटीच्या मागच्या, न दिसणाऱ्या बाजूला जाऊन बसते आणि वाळत नाही.

लेपद्रव्यांविषयीही सेनासनक्खन्धकात बारीक तपशील आहे. भिंत खरखरीत असल्याने पांढरा, काळा व गेरूचा रंग धरत नव्हता, तेव्हा तूस मिसळलेल्या मातीचा, बारीक मातीचा, झाडाच्या चिकाचा, पिठाच्या खळीचा उपयोग सांगितला आहे. गेरूच्या संदर्भात मोहरीची पूड आणि ‘सित्थतेलक’ म्हणजे मेण व तेल यांचे मिश्रण येते. हा सर्व भाग भिंतीविषयी आहे; तो लाकडाला सरसकट लावणे योग्य होणार नाही. तथापि मेण आणि तेल ही पाणी न धरणारी द्रव्ये विहाराच्या बांधकामात वापरली जात होती, एवढे त्यावरून निश्चित होते. त्याहूनही लक्षणीय आहे ते पुढचे वाक्य. हे मिश्रण जास्त झाले तर ते फडक्याने पुसून घेण्याची अनुज्ञा आहे. लाकडाला तेल देणारा आजचा कारागीर हेच करतो. जेवढे मुरेल तेवढे मुरू देतो आणि उरलेले पुसून घेतो. कारण वर राहिलेले तेल चिकट होते व धूळ धरून ठेवते. छन्नाचा कोसळलेला विहार आणि हे फडके यांतून एकच तत्त्व व्यक्त होते. लेपाचे सामर्थ्य त्याच्या जाडीत नसते.

वत्त : निगेचा नित्यक्रम

चुल्लवग्गाचा वत्तक्खन्धक हा भिक्खूंच्या परस्परांविषयीच्या आणि निवासाविषयीच्या कर्तव्यांचा संग्रह आहे. यातील दाराविषयीचे आचरण वाचताना त्याच्या सूक्ष्मतेचे नवल वाटते. विहाराची झाडलोट करताना मंच आणि पीठ बाहेर न्यावयाचे ते खाली धरून, कवाडाला व चौकटीला न घासता, न आपटता. आगंतुक भिक्खूने रिकाम्या विहाराच्या दारावर प्रथम थाप द्यावयाची, क्षणभर थांबावयाचे, खीळ काढून कवाड लोटावयाचे आणि बाहेर उभे राहूनच आत पाहावयाचे. हिवाळ्यात खिडक्या दिवसा उघड्या व रात्री बंद ठेवाव्यात, उन्हाळ्यात याच्या उलट करावे, असा ऋतूनुसार नियम आहे. हा नियम शीतोष्णासाठी असला तरी वास्तूत हवा खेळती राहण्याचा लाभ त्यातून आपोआप होतो.

पाण्याच्या वापराविषयीचा एक तपशील तर या लेखाचा गाभाच म्हणावा लागेल. गेरूने रंगवलेली भिंत डागाळली तर फडके भिजवून, पिळून, मग पुसावे. काळ्या रंगाच्या भूमीलाही हीच रीत. ‘पिळून’ हा शब्द तेथे मुद्दाम घातलेला आहे. स्वच्छतेसाठी पाणी हवे; परंतु पृष्ठभागावर ओल मागे राहता कामा नये. आपल्याकडे सणासुदीच्या आदल्या दिवशी उंबरठ्यावर आणि दारावर बादलीने पाणी ओतण्याची पद्धत पाहिली म्हणजे या एका शब्दाचे मोल कळते.

निघून जाणाऱ्या भिक्खूचे वत्तही असेच बोलके आहे. त्याने लाकडाची व मातीची भांडीकुंडी आवरून ठेवावी, दारे-खिडक्या लावाव्यात, कोणास तरी सांगून जावे. विहार गळत असेल आणि त्याला शक्य असेल तर त्याने तो शाकारावा. शक्य नसेल तर शाकारला जाईल अशी खटपट करावी. ज्याला त्या छपराखाली आता राहावयाचे नाही त्याच्यावर ही जबाबदारी टाकलेली आहे. हा केवळ व्यवस्थेचा नियम नव्हे. जी वस्तू आपली नाही, ‘संघिक’ आहे, तिच्याविषयीची आस्था हे येथे शीलाचे अंग मानले आहे.

याच्या जोडीला सेनासनक्खन्धकातील आणखी एक निर्बंध पाहावा. नव्या बांधकामाची देखरेख म्हणजे ‘नवकम्म’ ज्याच्याकडे सोपविले जाई त्याला त्या निवासाबाबत काही अधिकार मिळत. तेव्हा मातीचा एखादा गोळा बसवला, भिंत लिंपली, दार बसवले, पांढरा रंग दिला एवढ्यावरच कोणाला नवकम्म देऊ नये, असे स्पष्ट सांगितले आहे. यावरून असा निष्कर्ष निघतो की दार दुरुस्त करणे हे मानाचे किंवा हक्काचे कारण नव्हते. ते प्रत्येकाचे नित्याचे काम होते.

लेण्यांची साक्ष

ग्रंथातील हे चित्र महाराष्ट्राच्या लेण्यांशी ताडून पाहता येते. सह्याद्रीचा पाऊस मगधाच्या पावसाहून फार भिन्न आहे. लोणावळ्यास वर्षाकाठी सरासरी चार हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. अशा प्रदेशात लेणी कोरणाऱ्यांनी निवासी खोल्या बहुधा ओसरीच्या किंवा आतील मंडपाच्या मागे ठेवल्या. विनयातील ‘आळिन्द’ येथे खडकात उतरला. कान्हेरीस डोंगरावरचे पाणी पन्हळींनी वळवून टाक्यांत नेलेले आजही दिसते. जे पाणी दारावर आले असते तेच पिण्याच्या उपयोगी पडले.

कार्ल्याच्या चैत्यावरील दोन लेख या संदर्भात मोलाचे आहेत. एकात धेनुकाकट येथील सिंहदत नावाच्या गंधिकाने, म्हणजे सुगंधी द्रव्यांच्या व्यापाऱ्याने, ‘घरमुख’ म्हणजे दर्शनी द्वार दान दिल्याचा निर्देश आहे. दुसऱ्यात त्याच धेनुकाकटचा, वेणुवासाचा पुत्र सामि याने द्वार घडविल्याचे सांगितले आहे, आणि त्याचा व्यवसाय ‘वढकी’ असा दिला आहे. दगडातील द्वाराचा कर्ता स्वतःला सुतार म्हणवतो. लाकडाची विद्या दगडात कशी गेली याचा याहून थेट पुरावा कोणता असणार?

नाशिकच्या तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात वासिष्ठीपुत्र पुळुमावीच्या राज्यवर्ष २२ मधील लेख आहे. लेण्याच्या निगेसाठी अक्षयनीवी म्हणून दिलेल्या सुदिसन गावाऐवजी सामलिपद हे गाव देण्यात येत असल्याची आज्ञा त्यात आहे. लेणे कोरून दान देणे पुरेसे नाही, त्याच्या निगेसाठी कायमचे उत्पन्न लावून द्यावे लागते, ही जाणीव सातवाहन राजकुलाला होती.

आता लाकडाकडे पुन्हा वळू. कार्ल्याच्या चैत्याच्या छताला लावलेल्या लाकडी कमानी आणि स्तूपावरील लाकडी छत्र सुमारे दोन हजार वर्षे टिकले आहे. भाज्याच्या छतातील तुळयांवर तर ब्राह्मी अक्षरे मिळाली आहेत. उलट पाटलिपुत्राच्या परिसरात बुलंदीबाग येथे उत्खननात निघालेला लाकडी तट ओल्या जमिनीत गाडलेला राहून टिकला. एक लाकूड सदैव कोरडे होते. दुसरे सदैव ओलाव्यात, परंतु हवेपासून वंचित होते. कुजविणाऱ्या बुरशीला पाणी आणि हवा दोन्ही लागतात. कार्ल्यात तिला पाणी मिळाले नाही आणि पाटलिपुत्रात हवा मिळाली नाही. बाहेरचे दार या दोहोंच्या मधल्या जागी उभे असते. ते भिजते, अर्धवट वाळते, पुन्हा भिजते. म्हणून भाज्याच्या तुळया राहिल्या आणि त्याच चैत्याची लाकडी दर्शनी बाजू गेली; तिच्या सांध्यांसाठी खडकात केलेली भोके मात्र उरली.

अजिंठ्याच्या लेण्यांचा कालक्रम लावताना वॉल्टर स्पिंक यांनी खोल्यांच्या दारांची खोबणे बसवण्याच्या बदलत्या पद्धतींचा आणि त्या खोबणांच्या झिजेचाही आधार घेतला. झिजलेली खोबण म्हणजे वापरलेले दार, आणि वापरलेले दार म्हणजे वसलेली खोली. लाकूड गेले तरी त्याच्या फिरण्याची खूण दगडाने राखून ठेवली आहे.

आजच्या विहारांसाठी

२५ डिसेंबर १९५४ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी देहूरोड येथे बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली. १४ ऑक्टोबर १९५६ च्या नागपूर येथील धम्मदीक्षेनंतर महाराष्ट्रातील गावोगावी आणि वस्त्यावस्त्यांत विहार उभे राहिले. यांतील कित्येक विहार कष्टकऱ्यांच्या पै-पैच्या वर्गणीतून झालेले आहेत. त्यांचे दार सडले म्हणजे केवळ लाकूड वाया जात नाही; ते दान वाया जाते. बांधकामाला वर्गणी जमते, कोनशिलेवर नावे कोरली जातात. दाराच्या कडेला तेल लावणाऱ्याचे नाव कोठेही कोरले जात नाही, म्हणून ते काम कोणाचेच राहत नाही. नवकम्माविषयीचा वर सांगितलेला निर्बंध आपल्याला नेमका येथे लागू पडतो.

विनयाचा क्रम आजच्या दारालाही जसाच्या तसा उपयोगी आहे. प्रथम दारावर पुरेसे पुढे आलेले छज्जे आहे का ते पाहावे. नसल्यास महाग वार्निशापेक्षा पत्र्याची लहान पडवी अधिक काम करील. उंबरठ्याबाहेरील फरशीला बाहेरच्या बाजूस उतार द्यावा. चौकटीचे पाय पाणी साचेल अशा ठिकाणी सिमेंटमध्ये गाडू नयेत. चौकट आणि भिंत यांतील फट दरवर्षी तपासून बुजवावी. हाच आपला ‘द्वारकोस’. बाहेरच्या बाजूस आतल्या खोल्यांसाठी केलेले साधे प्लायवूडचे दार बसवू नये. त्याचे थर ओलीने सुटतात. सागाचे दार असले तरी ते गाभ्याच्या लाकडाचे असावे, सालीलगतचे फिकट लाकूड लवकर कुजते.

लेपाची वेळ वैशाखाची. बुद्धपौर्णिमेच्या निमित्ताने विहारांची रंगरंगोटी होतेच, आणि त्या सुमारास लाकूड चांगले वाळलेले असते. ओल्या लाकडावर रंग चढवला तर ओल आत कोंडली जाते. दार बिजागऱ्यांवरून उतरवून सहाही बाजूंना, विशेषतः खालच्या व वरच्या कडेला, तेल किंवा रंग द्यावा. याच दोन कडा बहुधा कोऱ्या राहतात. जवसाचे उकळलेले तेल पातळ हाताने द्यावे, मुरू द्यावे, उरलेले पुसून घ्यावे. ती तेलाची फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नयेत. अशी फडकी आपोआप तापून पेट घेतात, म्हणून ती पसरून वाळवावीत. पावसाळ्यात दार अडकले तर लगेच रंधा मारू नये. तेच दार उन्हाळ्यात आटते आणि तेथे बोटभर फट पडते. आश्विन पौर्णिमेच्या पवारणेनंतर, ऊन पडू लागल्यावर, दार उघडे ठेवून वाळू द्यावे आणि मग काय बिघडले ते पाहावे.

ही कामे धम्मकार्याच्या मानाने क्षुद्र आहेत असे कोणास वाटल्यास त्याने चुल्लवग्गाचा पंचसतिकक्खन्धक वाचावा. महापरिनिर्वाणानंतर धम्म व विनय यांचे संगायन करण्यासाठी महाकाश्यपांच्या नेतृत्वाखाली पाचशे स्थविर राजगृहास जमले. वर्षाकाळ सुरू झाला होता. सर्वांना ज्याची चिंता होती ते कार्य, म्हणजे बुद्धवचनाचे रक्षण, समोर होते. तरीही स्थविरांनी असा विचार केला की मोडक्या-फुटक्याच्या दुरुस्तीची, ‘खण्डफुल्लपटिसंखरण’ याची भगवंतांनी प्रशंसा केली आहे. तेव्हा पहिला महिना आपण दुरुस्ती करू आणि मधल्या महिन्यात एकत्र जमून धम्म-विनयाचे संगायन करू. त्याप्रमाणे त्यांनी पहिला महिना विहारांची मोडतोड दुरुस्त केली. त्यानंतरच उपालींना विनयाविषयी आणि आनंदांना धम्माविषयी प्रश्न विचारले गेले.